मदत हवी आहे: डीटीएसक्यू या मधुमेह-उपचारावरच्या समाधानाच्या प्रश्नावलीची बेरीज ३६च्या वर कशी गेली?

प्रश्न
टाइप १ मधुमेहाचे प्रौढ रुग्ण दोन वेळच्या मिक्स इन्सुलिनवरून बेसल-बोलसवर, म्हणजे एक दिवसभर टिकणारं आणि तीन जेवणांआधीची, अशा दिवसाला चार टोच्यांवर आणले आहेत. समाधान मोजायला डीटीएसक्यू सुरुवातीला आणि २४ आठवड्यांनी, असा दोनदा भरून घ्यायचा आहे. एका फॉर्मची उत्तरं क्रमाने ५, ४, ५, ४, ४, ५, ५, ५. बेरीज ३७, आणि कमाल तर ३६! शिवाय निम्म्याअधिक लोकांचे सुरुवातीलाच ३३-३४ आहेत. पुढे फरक दिसणार कसा?

प्रतिसाद १
आठही आकडे मिळवलेत, तिथेच घोळ आहे. बेरजेत फक्त प्रश्न १, ४, ५, ६, ७, ८ घ्या: २८. सहा प्रश्न, प्रत्येकी ०–६, म्हणून कमाल ३६. दुसरा प्रश्न साखर नको इतकी वाढल्याचं किती वेळा जाणवलं हा, तिसरा तसाच हायपोचा, म्हणजे साखर फार उतरल्याचा. त्यांत ६ म्हणजे 'बहुतेक वेळ', म्हणजे वाईट. बेरजेत धरले तर ज्याला हायपो जास्त तोच जास्त समाधानी ठरतो! ते दोन वेगळ्या रकान्यांत ठेवा. आठही ठिकाणी सरळ ६ला खूण केलेला फॉर्म दिसला, तर प्रश्न न वाचता भरलाय का ते त्याच भेटीत विचारा.

प्रतिसाद २
३३-३४ची अडचण जुनीच आहे. जुन्या उपचारावर माणूस समाधानी असतो, कारण त्याहून बरं काही त्याने पाहिलेलं नसतं. त्यासाठीच लंडनच्या क्लेअर ब्रॅडली यांनी बदल मोजणारी डीटीएसक्यूसी ही आवृत्ती केली. त्यात प्रत्येक उत्तर −३ ते +३, बेरीज त्याच सहा प्रश्नांची, −१८ ते +१८. साखर-हायपोच्या दोन प्रश्नांत मात्र उणे आकडा चांगला. 'आधीचा उपचार' म्हणजे दोन वेळचं मिक्स, हे फॉर्म देताना स्पष्ट सांगा. नाहीतर कोणी मागच्या महिन्यातल्या डोसशी तुलना करतो.

प्रश्नकर्ता
बेरीज सुधारली, आभार. मराठी फॉर्म आम्हीच केलाय. 'उपचार किती लवचीक वाटतो' इथे लोक अडतात.

प्रतिसाद २
घरगुती भाषांतर वापरू नका. प्रश्नावलीला परवाना लागतो, तो मागतानाच मराठी आवृत्तीची चौकशी करा. 'लवचीक' शब्द कंबरेला शोभतो. मूळ प्रश्नाचा रोख असा: जेवण लांबलं, शिफ्ट बदलली, तर टोचायची वेळ आणि डोस जुळवता येतो का?

प्रतिसाद १
आणखी एक. डॉक्टरांसमोर भरून घेऊ नका, आणि एचबीए१सीचा (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा) रिपोर्ट सांगायच्या आधी भरून घ्या. आकडा वाईट आला की समाधानही उतरतं. वाचता न येणाऱ्यांना उपचार न करणाऱ्या माणसाने वाचून दाखवावं, शब्द न बदलता. 'सिस्टर फार चांगल्या आहेत' असं उत्तर आलं, तर प्रश्न इन्सुलिनचा आहे हे सांगून पुन्हा वाचा.

प्रश्नकर्ता
२४ आठवड्यांची भेट अजून कोणाचीच झालेली नाही. तेव्हा दोन्ही फॉर्म द्यायचे ना?

प्रतिसाद २
हो. आधी नेहमीचा, मग बदलाचा. दोन्ही एकत्र हातात देऊ नका, ०–६ आणि −३ ते +३ची सरमिसळ होते.