अनुभव धागा: जुन्या वाड्यात, हवेलीत पाहुणे म्हणून राहिला आहात का?

सांदीकोपरा

गेल्या महिन्यात तामिळनाडूत कानाडुकातानला एका चेट्टियार घरात दोन रात्री राहून आले. ब्रह्मदेशात सावकारी करून गब्बर झालेल्या या व्यापारी समाजातल्या मंडळींनी तिथलं सागवान आणून ही घरं बांधली. दुसऱ्या महायुद्धात तो धंदा बसला आणि एवढाल्या घरांत राहणारं कुणी उरेना. पुढचं दार एका रस्त्यावर, मागचं थेट पलीकडच्या रस्त्यावर! भिंतींना चुना, शिंपल्यांची पूड आणि अंड्यातला पांढरा भाग घालून केलेला गिलावा. भर दुपारी गाल टेकवून पाहिला, गारेगार. (नवऱ्याने ओळख नसल्यासारखं केलं.)

खटकलं एकच. घरातल्या चौकात संध्याकाळी लाल-निळे दिवे लावले होते, कुणाच्या तरी रिसेप्शनला आल्यासारखे.

तर तुम्ही राहिला असाल तर लिहा. घरवाल्यांनी काय जपलं, काय बुजवलं? नुसतं 'छान होतं' नको.

फिरस्ती मावशी

पणजी, फोंतेन्हास. पोर्तुगीज काळातलं घर, पिवळ्या भिंती, पांढऱ्या कडा. खोलीच्या खिडकीला काचेऐवजी शिंपल्यांच्या पातळ चकत्या, लाकडी पट्ट्यांत बसवलेल्या. सकाळी ऊन आत येत नाही, नुसता उजेड येतो. पण एसीचा पाइप बाहेर काढायला खालच्या चार चकत्या उपटून तिथे प्लायवूड ठोकलेलं. पूर्ण मुक्कामभर माझी नजर त्या प्लायवूडवरच.

आणि खाली कुणाचं तरी प्री-वेडिंग शूट चालू होतं. मी दात घासत बाल्कनीत आले. कुणाच्या तरी अल्बमात गाऊनमध्ये आहे मी आता.

गच्चीवरचा

माथेरान. दस्तुरी नाक्याच्या पुढे गाडी नाही, बॅगा घोड्यावर, त्यामुळे जुन्या बंगल्यापर्यंत जाणंच निम्मा मुक्काम. व्हरांडा अप्रतिम. न्याहारी माकडाने केली.

दुपारचा चहा

अहमदाबादला पोळेतल्या (जुन्या शहरातल्या गल्लीवजा वस्तीतल्या) हवेलीत राहिलो होतो. लाकडी कोरीवकाम सगळेच दाखवतात, पण यजमान काकांनी चौकातलं एक झाकण सरकवलं आणि कळशी खाली सोडली. चौकाखाली टाकं! छपरावरचं पावसाचं पाणी नळीने खाली उतरतं आणि वर्षभर पुरतं. "पहेलो वरसाद जवा देवानो," म्हणाले. पहिल्या पावसात छप्पर धुऊन निघतं, ते पाणी टाक्यात घ्यायचं नाही. ते पाणी प्यायलो, चव काहीच नाही. २०१७ साली युनेस्कोच्या यादीत हे शहर गेल्यापासून पाहुणे वाढलेत म्हणे. जिने मात्र एवढे उभे की माझ्या आईला वर नेताच आलं नाही. बुकिंगच्या आधी पायऱ्या विचारा, कुणीही.

कडीपाट

मी पलीकडच्या बाजूचा. वाईजवळ आमचाच वाडा आहे, दोन चौकी. निवास-न्याहारीसाठी चार खोल्या काढल्या. अकरा हिस्सेदारांच्या सह्या गोळा करण्यात जी वर्षं गेली ती मोजत नाही.

खरं दुखणं वडिलांनी हौसेने केलेल्या सिमेंटच्या गिलाव्याचं निघालं. मातीची भिंत, वर चुना, म्हणजे ओल सुकायला वाट असते. सिमेंटने ती वाट बंद झाली, ओल वर चढत गेली आणि खांबांच्या बुडाशी लाकूड हाताने कुस्करता येईल इतकं मऊ झालं. सगळं खरवडलं. चुना महिनाभर खड्ड्यात मुरवला, त्यात सुरखी (विटांची पूड), गूळ, बेलफळाचं पाणी. हे जमणारा गवंडी सत्तरीचा, त्याच्या हाताखाली यायला पोरं तयार नाहीत.

दुसरा घोळ संडास-बाथरूमचा. पाहुण्यांना माडीवर, खोलीला लागून हवं. कडीपाटावर, म्हणजे तुळया-फळ्यांच्या लाकडी तक्तपोशीवर, फरशी, टाकी, पाणी एवढा भार टाकला तर तुळया किती दिवस धरणार? शेवटी मागच्या पडवीत बांधली. रात्री जिना उतरावा लागतो, त्याबद्दल दोन वाईट शेरे मिळालेत, मान्य. भिंती तीन फुटी, वायफाय माजघराच्या पुढे जात नाही.

आमची आत्या अजून तिथेच राहते. पैसे देऊन येणारे पाहुणे घोंगडीवर झोपायला मागतात, हे तिला पटतच नाही. भांडण झालं ते बाळंतिणीच्या खोलीवरून. अंधारी, एवढीशी, खिडकी नाही. आर्किटेक्ट म्हणाला झरोका पाडू. आत्या म्हणाली, आम्ही सहाही भावंडं त्या अंधारात जन्मलो, कुणाचं काही बिघडलं नाही. खोली तशीच ठेवली, अडगळीला.

मे महिन्यात एक पुण्याच्या बाई आल्या. माडीवर उकडतंय म्हणून गादी ओढत त्याच खोलीत गेल्या आणि सकाळी साडेदहापर्यंत उठल्याच नाहीत. आत्या दोनदा श्वास चालू आहे का बघून आली.

सांदीकोपरा

त्या खोलीचं भाडं किती हो?

कडीपाट

आत्या घेऊ देत नाही.