चांगल्या कामासाठी कविता मागता, मग हिशेब का देत नाही?

कृष्णाकाठ
काल इथे एका संपादकांनी लिहिलं: "पूरग्रस्तांच्या मदतीसाठी प्रातिनिधिक काव्यसंग्रह काढतोय आणि काही कवी मानधन विचारतात. अशा वेळीही ज्यांना पैसे सुचतात त्यांनी सरस्वतीचं नाव घेऊ नये." दोन ओळींत उत्तर देऊन समाधान झालं नाही, म्हणून हा धागा.

मी सांगलीचा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आमच्या गल्लीत बोट फिरत होती, नगर वाचनालयात पाणी शिरून हजारो पुस्तकं गेली. पूर म्हणजे काय हे मला कुणी समजावू नये. या संग्रहासाठी कागदवाला पैसे घेतो, छापखाना घेतो, बाइंडर घेतो, प्रकाशनाच्या हॉलचं भाडं तर आगाऊ भरावं लागतं. त्यांच्यापैकी कुणाला सरस्वतीची शपथ घालत नाहीत. त्यागाची सक्ती फक्त लिहिणाऱ्यावर. त्या वर्षी एका संग्रहाला मीही कविता दिली होती. किती प्रती खपल्या, किती रुपये कुठल्या गावाला पोचले, आजतागायत कळलेलं नाही. विचारलं तर "विश्वास नाही का?"

कविता जरूर मागा. सोबत एक कागद द्या: प्रती किती, किंमत किती, खर्च वजा जाता पैसे कुणाच्या खात्यात जाणार आणि कविता किती काळासाठी घेताय.

पानमळा
असे संग्रह मी काढलेत, म्हणून बोलतो. तीनशे प्रती छापायच्या. एकेक प्रत कवींना, काही मान्यवरांना, काही परीक्षणासाठी, उरलेले गठ्ठे कार्यकर्त्याच्या पलंगाखाली. कवी स्वतः दुसरी प्रत विकत घेत नाहीत. छपाईचा खर्च निघाला नाही तर पदरचे घालतो आणि वर संस्थेला ठरलेली रक्कमही देतो. मानधन कुठून आणू? पुलंनी आयुष्यभर समाजाला दिलं, त्यांनी कधी कागद मागितला होता का?

वाईकर
पुलंना मध्ये आणलंत ते बरं झालं. पुलंनी आणि सुनीताबाईंनी नाटकांचे, पुस्तकांचे पैसे चोख वसूल केले आणि मग दिले. रीतसर प्रतिष्ठान काढलं. १९८६ मध्ये मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उभं राहिलं तेव्हा त्यांनी दिलेली रक्कम त्यांच्या हक्काची होती. हक्काचं असेल तेच दान देता येतं. तुम्ही हक्कच नाकारता आणि वर दान मागता.

शाईपेन
कायद्याचं थोडं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम १९ वाचा. हक्क हस्तांतर लेखी आणि सहीनिशी लागतं. मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतं. "निवडलेल्या साहित्याचे सर्व हक्क संपादकांकडे राहतील" हे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवून काही होत नाही.

फडताळ
मानधन राहू दे, आता उलट कवीकडूनच पाचशे रुपये घेतात! "आयएसबीएनसह, सन्मानपत्र व ट्रॉफी." वर "नफा अनाथाश्रमाला". आयएसबीएन म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, तो शासनाच्या एजन्सीकडून मोफत मिळतो हे किती जणांना माहीत आहे? याला खतपाणी घातलं प्राध्यापकांनी. यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, २०१० ला प्राध्यापकांच्या नेमणुकीसाठी आणि बढतीसाठी प्रकाशनं वगैरे मोजणारे एपीआयचे गुण आणले आणि जो तो आयएसबीएनच्या मागे धावायला लागला. पैसे भरून अशा पुस्तकांत आपली प्रकरणं छापून घेतात.

तासिकावाला
सगळ्या प्राध्यापकांना एका माळेत ओवू नका. मी प्राध्यापकपदासाठीची नेट परीक्षा पास झालो, पीएचडी झाली, वर्षानुवर्षं तासिका तत्त्वावर शिकवतोय. मुलाखतीला गेलं की पहिला प्रश्न, प्रकाशनं किती? पैसे भरून छापलं, हो. भरले नसते तर अर्ज छाननीतच बाद झाला असता. नियम करणाऱ्यांना जाब विचारा.

फडताळ
म्हणजे सगळे चोरी करतात म्हणून आपणही करायची? तुमच्यामुळेच या संपादकांचा धंदा चालतो.

तासिकावाला
चोर म्हणू नका. सुट्टीच्या महिन्यांत घरी मानधन शून्य असतं, तेव्हा घर कसं चालतं ते येऊन बघा आणि मग तत्त्व शिकवा.

निशिगंध
दोघंही थांबा. अहो दादा, ते नोकरीसाठी झगडतायत, त्यांच्यावर कशाला तुटून पडता? पण तासिकावाले सर, तुम्ही भरलेले पैसे आणि अनाथाश्रमाच्या नावाने घेतलेले पैसे यात फरक आहे. मला त्या दुसऱ्याची चीड येते. माझ्या आईने भिशीचे पैसे काढून असं शुल्क भरलं. सन्मानपत्र आलं, फ्रेम करून लावलं. संस्थेत चौकशी केली तर त्यांना संग्रहाचं नावही माहीत नव्हतं. आईला अजून सांगितलेलं नाही.

पानमळा
निशिगंधताई, हे वाईटच. अशा लोकांमुळे आमच्यासारख्यांनाही ऐकून घ्यावं लागतं. हिशेबाचं पान शेवटी छापायला माझी हरकत नाही, तेवढं मान्य. मानधनाचं मात्र मान्य नाही. शंभर कवींना दोनशे रुपयेप्रमाणे दिले तरी वीस हजार होतात, त्यात एका घराची चूल, भांडी, अंथरुणं येतात.

वाईकर
मग ते दोनशे कवीला विचारून वळते करा. "तुमचं मानधन दोनशे, ते निधीला द्यायचं का?" एवढा एक प्रश्न. बहुतेक जण हो म्हणतील.

शाईपेन
आणि ज्या संस्थेला देणार तिचं पत्र आधी घ्या. देणगीदाराला करसवलत मिळवून देणारी ८०-जी नोंदणी असेल तर पावतीही घ्या. ती पैशांच्या देणगीला मिळते, कवितेला नाही.

पानमळा
विचारीन. पण उद्या दहा जणांनी नाही म्हटलं तर त्यांची नावं मी इथे आणून टाकणार.

कृष्णाकाठ
नाही, तेच करायचं नाही. नाही म्हणणाऱ्याला दोनशे रुपये पाठवायचे आणि गप्प बसायचं. त्याच्या घरात काय चाललंय ते तुम्हाला माहीत नाही. हे जमणार असेल तर पुढच्या संग्रहाला माझी कविता घ्या, माझे दोनशे नगर वाचनालयाच्या पुस्तकांना द्या आणि पावती मला पाठवा.