क्रेडिट कार्डाचे ४२,००० पॉइंट्स आणि मे महिन्यातलं सिंगापूर: सल्ला हवा आहे

सांगलीची प्राजक्ता
नमस्कार मंडळी. दोन वर्षांपूर्वी घराचं काम काढलं तेव्हा टाइल्सपासून फ्रिजपर्यंत सगळं क्रेडिट कार्डावर घेतलं. कार्ड एचडीएफसीचं रेगालिया गोल्ड. परवा सहज ॲप उघडलं तर ४२,००० पॉइंट्स साठलेले, आणि त्यातले निम्म्याहून जास्त मार्चअखेर बाद होणार.
धाकटी बहीण सिंगापूरला असते. मे महिन्यात आई-बाबांना घेऊन तिच्याकडे जायचं घाटतंय. आम्ही चौघं आणि ते दोघं, म्हणजे सहा तिकिटं. नवरा म्हणतो, पॉइंट्स बिलात वळते कर आणि मोकळी हो. यूट्यूबवरचा एक मुलगा म्हणतो, विमान कंपनीच्या माइल्समध्ये (म्हणजे तिकिटासाठी चालणाऱ्या त्यांच्या पॉइंट्समध्ये) बदला आणि बिझनेस क्लासनं जा. सासूबाईंना पॉइंट्सवर वस्तू देणाऱ्या बँकेच्या कॅटलॉगमधला मिक्सर आवडलाय. तिघांपैकी कोणाचं ऐकू?

हिशेबी
मिक्सर आधी बाजूला ठेवा. कॅटलॉगमधल्या वस्तूची किंमत बाजारात विचारून बघा, मग कळेल का ते.
तुमच्या कार्डाचा एक पॉइंट म्हणजे ठरलेले पैसे नव्हेत. तो कुठे मोडता त्यावर त्याची किंमत ठरते. बिलात वळता केला तर २० पैसे. बँकेच्या स्मार्टबाय पोर्टलवर विमान किंवा हॉटेल बुक केलं तर ५० पैसे. माइल्समध्ये बदलला तर दोन पॉइंटला एक माइल, आणि त्या माइलची किंमत तुम्ही कुठलं तिकीट काढता त्यावर. (हे मी शेवटचे वापरले तेव्हाचे दर. बँका ते बदलतात, तेव्हा बुकिंगच्या दिवशी एकदा पाहून घ्या.)
म्हणजे ४२,००० पॉइंट्सचे नवऱ्याच्या मार्गानं ८,४०० रुपये, पोर्टलवर २१,००० रुपये. साडेबारा हजारांचा फरक आहे, जरा घासाघीस करायला हरकत नाही.

सांगलीची प्राजक्ता
बाप रे! नवऱ्याला दाखवलं. तो आता म्हणतोय की हे त्याला आधीपासून माहीत होतं.
पण माइल्सचं काय? २१,००० माइल्स होतील ना?

पायाला भिंगरी
ताई, माइल्सच घ्या. पोर्टलवर पॉइंट मोडणं म्हणजे सोनं मोडून पितळ घेणं. मी आणि सौ. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला माइल्सवर बिझनेस क्लासनं युरोपला गेलो. रोखीत दोघांचं भाडं पाच लाखांच्या घरात होतं. आमच्या खिशातून फक्त कर आणि अधिभार गेला. एका माइलमागे दोन रुपयांच्या वर सुटले.

हिशेबी
भिंगरीसाहेब, अभिनंदन. एक विचारू? माइल्स नसते तर पाच लाख रोख मोजून गेला असतात?

पायाला भिंगरी
छे! सौ.नं घराबाहेर काढलं असतं.

हिशेबी
मग वाचलेले पाच लाख कुठले? तुम्ही इकॉनॉमीत गेला असतात, तर त्या भाड्याइतके वाचले. वरचा भाग चैनीचा. चैन करावी, माझी ना नाही, पण ती जमेच्या बाजूला लिहू नये.
आता प्राजक्ताताईंचा हिशेब. आकडे समजण्यापुरते धरतो. मुंबई-सिंगापूर एका बाजूच्या इकॉनॉमी तिकिटाला २०,००० माइल्स लागतात असं समजा. त्यासाठी ४०,००० पॉइंट्स गेले. तेच तिकीट रोखीत १९,००० रुपयांना आहे, त्यात ४,००० कर आणि शुल्कं. माइल्सच्या तिकिटावरही ती शुल्कं भरावीच लागतात. म्हणजे वाचले १५,०००. भागिले ४०,००० केलं की एका पॉइंटला साडेसदतीस पैसे. पोर्टलवर ५० मिळत होते!
दोनाला एक या दराच्या कार्डाला हा नियमच धरा: एका माइलमागे एक रुपयाहून जास्त सुटत असेल तरच माइल्स. ज्या कार्डांवर एका पॉइंटला एक किंवा दोन माइल्स मिळतात त्यांचं गणित वेगळं. यूट्यूबवरच्या मुलाकडे बहुधा तसलं कार्ड असेल.
आणखी एक. परतीचं एकत्र तिकीट बऱ्याचदा दोन सुट्या तिकिटांपेक्षा स्वस्त पडतं. एक बाजू माइल्सवर काढली की दुसरी बाजू महाग पडून तुमचा फायदा खाऊन टाकते.

पायाला भिंगरी
हे मान्य. माझं कार्ड ॲक्सिसचं ॲटलस होतं, एकाला दोन. २०२४ मध्ये त्यातले १०,००० एज माइल्स (त्या कार्डाचे पॉइंट्स) मी अकॉर हॉटेल्सकडे वळवले, त्यांचे २०,००० झाले. अकॉरमध्ये २,००० पॉइंट्सना ४० युरो सरळ बिलातून वजा होतात, म्हणजे ४०० युरो. विमानासारखी 'जागा शिल्लक आहे का' ही कटकट नाही, हॉटेलात खोली आहे तर सूट आहे. मेमध्ये सहा जणांना एकाच विमानात माइल्सच्या जागा मिळणं विसरा. दोन मिळाल्या तरी पेढे वाटा.

निवृत्त काका
३४ वर्षं बँकेत काढली म्हणून बोलतो. पॉइंट्सच्या नादात किमान रक्कम भरून बाकी पुढे ढकलणारे मी रोज पाहिले. व्याज महिन्याला साडेतीन-पावणेचार टक्के, वर्षाला चाळीसच्या वर. खर्चावर तुम्हाला सव्वा-दीड टक्का मिळणार. पुरं बिल मुदतीत भरत असाल तरच पुढचं वाचा.

सांगलीची प्राजक्ता
काका, पुरं भरते. त्या बाबतीत मी माहेरच्या वळणावर गेलेय, बाबा उधारीवर काडेपेटीसुद्धा आणत नाहीत.

कोथरूडची मावशी
माइल्स घेणाऱ्या सगळ्यांसाठी माझी चूक सांगते. माझ्या कार्डावर नाव आणि आडनाव. विमान कंपनीचं खातं उघडताना मी पासपोर्टावरचं पाहून मधे यजमानांचं नावही घातलं. बँकेनं ट्रान्सफर स्वीकारला, पॉइंट्स माझ्याकडून कापले, आणि माइल्स काही पोचेनात. नाव जुळत नाही म्हणे. बँक म्हणते कंपनीला विचारा, कंपनी म्हणते बँकेला विचारा. तीन आठवडे ईमेल-ईमेल खेळले. आणि पॉइंट्स परत आले तेव्हा जी दोन तिकिटं पाहून ठेवली होती ती गेलेली होती.
आपल्याकडे नाव, मधलं नाव, आडनाव असा तीन मजली कारभार, त्यात लग्नाआधीचं आणि नंतरचं. आधी सगळीकडे एकच नाव करून घ्या. आणि माइल्सची जागा डोळ्यांनी दिसल्याशिवाय पॉइंट्स हलवू नका. माझे अडकले म्हणून परत आले, एकदा कंपनीच्या खात्यात जमा झालेले माइल्स बँकेत परत येत नाहीत.

हिशेबी
मावशी, शेवटचं वाक्य सोन्याचं. लोक उलटं करतात, आधी ट्रान्सफर आणि मग शोधाशोध.

जर्सीकर
इकडे अमेरिकेत एक कार्ड घेतलं की पहिल्या तीन महिन्यांच्या खर्चावर ६०-६० हजार पॉइंट्स मिळतात. भारतात एवढी मारामारी का करता?

निवृत्त काका
कारण आम्ही भारतात राहतो.

हिशेबी
:) जर्सीकर, तुमच्याकडे दुकानदाराकडून कार्डामागे जे शुल्क कापलं जातं त्यातून हे लाड होतात. इथे भाजीवाल्यापासून सोनारापर्यंत यूपीआय. तेव्हा तुमचे व्हिडिओ पाहून इथले बेत आखू नयेत एवढंच.
प्राजक्ताताई, पोर्टल वापरायचं तर तीन गोष्टी. एक, पूर्ण तिकीट पॉइंट्सवर निघत नाही, ७० टक्के पॉइंट्स आणि ३० टक्के कार्डावर. गंमत बघा, २१,००० म्हणजे बरोबर ३०,००० चे ७० टक्के. एक परतीचं तिकीट साधारण तेवढ्याचं मिळालं तर सगळे पॉइंट्स एका फटक्यात संपतात. दोन, तेच विमान कंपनीच्या साइटवर कितीला आहे ते शेजारच्या टॅबमध्ये बघा. पोर्टलवर हजार-बाराशे जास्त दिसले तर ते फायद्यातून वजा. सहाही तिकिटं पोर्टलवरच काढायला हवीत असं नाही, एकच काढा, बाकीची जिथे स्वस्त तिथे. तीन, तारीख पक्की असेल तरच. रद्द केलं तर पॉइंट्स परत यायला वेळ लागतो, आणि तुमचे तर मार्चलाच बाद होणारे.

कोथरूडची मावशी
एकच तिकीट वेगळं काढायचं तर ते आई-बाबांपैकी कोणाचं काढू नका हं. वेळापत्रक बदललं तर दोन वेगळ्या बुकिंगवर दोन वेगळे निरोप येतात. म्हातारी माणसं एका बुकिंगवरच ठेवा. नवऱ्याला एकट्याला सोडा, त्याला काय होतंय.

सांगलीची प्राजक्ता
मावशी, पटलं. नवऱ्याला विचारलं नाही, सांगितलं.
तिकडे गेल्यावर खर्चाला हेच कार्ड वापरू का? पॉइंट्स मिळतील ना परत?

पायाला भिंगरी
मिळतील, पण या कार्डाला परदेशी चलनावर २ टक्के मार्कअप, म्हणजे जादा शुल्क, आहे, त्यावर १८ टक्के जीएसटी. ५०,००० खर्चलेत तर १,१८० रुपये गेले. दीडशे रुपयांना चार पॉइंट्स या दरानं तुम्हाला १,३०० च्या आसपास पॉइंट्स, म्हणजे साडेसहाशे रुपये मिळाले. तोटाच. मार्कअप नसलेलं एखादं कार्ड बरोबर असू द्या. आणि दुकानातल्या मशीनवर 'रुपयात देणार की सिंगापूर डॉलरमध्ये' असं विचारलं तर डोळे मिटून डॉलर. रुपये निवडले की दर त्यांचा लागतो. मुस्तफा सेंटरमध्ये (तिथलं मोठं दुकान) बिलिंगला मागे रांग असते, घाईघाईत माणूस आपल्या ओळखीचं चिन्ह पाहून रुपयाचं बटण दाबतो. मी दाबलंय.

निवृत्त काका
पुढच्या साठवणीसाठी: मुलांच्या शाळेची फी कुठल्याशा ॲपवरून भरत असाल तर या बँकेनं सप्टेंबर २०२४ पासून त्यावर पॉइंट्स बंद केले. शाळेच्या स्वतःच्या साइटवर किंवा खिडकीतल्या मशीनवर भरा. वर्षाचा खर्च पाच लाखांवर गेला तर ५,००० चं विमान व्हाउचरही असतं या कार्डावर, घरकामाच्या वर्षी ते मागितलं होतं का बघा.

सांगलीची प्राजक्ता
काका!! ते व्हाउचर मी कधी घेतलंच नाही. ईमेल शोधला, ऑफरांच्या ढिगात सापडला. त्याची मुदत गेल्या दिवाळीत संपली. अर्धा तास कोणाशी बोलले नाही.

कोथरूडची मावशी
आम्ही सगळे त्या अर्ध्या तासातून गेलोय. चहा घ्या.

सांगलीची प्राजक्ता
अपडेट. बहिणीशी बोलून तारखा नक्की केल्या, १२ मे ते २१ मे. आम्ही शुक्रवारी रात्री दोन लॅपटॉप घेऊन बसलो. कंपनीच्या साइटवर एक परतीचं तिकीट २९,४०० आणि पोर्टलवर ३०,३५०. साडेनऊशेचा फरक सोडून दिला. नवऱ्याचं पोर्टलवरून काढलं: ४२,००० पॉइंट्स आणि वर ९,३५० रुपये. साडेनऊशे वजा केले तरी वीस हजार पन्नास सुटले. बाकी पाच तिकिटं कंपनीच्या साइटवर, एकाच बुकिंगवर. पोर्टलवालं आधी काढलं, कारण तिथेच काही अडकलं तर बाकीचं थांबवता आलं असतं. (भिंगरीदादा, माइल्सच्या जागाही पाहिल्या. त्या आठवड्यात सिंगापूरच्या दिशेनं एकच दिसली, तीही मंगळवारी पहाटेची.)
नाव भरताना मावशींची आठवण झाली. आईच्या पासपोर्टावर बाबांचं नाव मधे आहे, आधारवर नाही. पासपोर्ट समोर उघडा ठेवून एकेक अक्षर टाइप केलं, बाबा मागे उभे राहून मोठ्यांदा वाचत होते.
सगळं झाल्यावर आईला सांगितलं की जावयाचं तिकीट जवळजवळ पॉइंट्सवर निघालं. ती म्हणाली, "मग त्यांना विमानात जेवण देतील ना, की आपल्यातलं द्यायचं?"

पायाला भिंगरी
दशम्या बांधून घ्या, उगाच रिस्क नको.