समोच्च रेषा मुलांच्या गळी कशा उतरवायच्या?

प्रश्न: समोच्च रेषा, म्हणजे नकाशात सारख्या उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या रेषा, शिकवतेय. ‘रेषा जवळजवळ म्हणजे तीव्र उतार’ हे माझी आठवीची मुलं घडाघडा म्हणतात. पण नकाशात टेकडी दाखवा म्हटलं की निम्मी बोटं खळग्यावर! काय करू?

उत्तर १: मूठ वळायला लावा. बोटांच्या उंचवट्यांभोवती पेनाने गोल, त्याबाहेर आणखी दोन. मग पंजा सपाट केला की झाला नकाशा. (शाई धुवायला वेळ ठेवा. मी ठेवला नव्हता, पुढच्या तासाच्या बाई अजून बोलत नाहीत.)

उत्तर २: पारदर्शक डब्यात मातीची टेकडी ठेवा. पाणी दोन-दोन सेंटिमीटर वाढवत प्रत्येक काठ सुईने कोरा. घळीत पाणी शिरलं की रेषेचं टोक चढाकडे का वळतं, ते आपोआप कळतं.

उत्तर ३: आधी रेषांवरचे उंचीचे आकडे वाचायला लावा हो! आत वाढले तर टेकडी, घटले तर खळगा.

प्रश्नकर्ती: उद्या मूठ. डबा शोधतेय.