रेंजफाइंडरवर ५० मिमी की ३५?

रेंजफाइंडर कॅमेऱ्यात (लेन्समधून नव्हे, बाजूच्या खिडकीतून बघून फोकस जुळवायचा कॅमेरा) ठाण्याच्या जांभळी नाक्याच्या बाजारगर्दीत ५० मिमी लेन्स अडचणीची होते, तिथे जास्त रुंद दृश्य टिपणारी ३५च हवी, असं म्हणणारे असतात. अर्धं पटतं. पण आधी बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, कोणती ते बघा. लायका एम३ (१९५४) च्या खिडकीचं मॅग्निफिकेशन ०.९१, म्हणजे दृश्य नुसत्या डोळ्याला दिसतं जवळजवळ तेवढंच मोठं दिसतं, त्यामुळे ५०ची चौकट (फोटोत किती येणार ते दाखवणाऱ्या रेघा) जवळजवळ अख्खी खिडकी व्यापते आणि दोन्ही डोळे उघडे ठेवून आरामात बघता येतं. ०.७२ वाल्या बॉडीत तीच चौकट लहान दिसते, पण भोवतालचं बरंच काही दिसतं. बाजारात मला हेच जास्त आवडतं. हार ओवणाऱ्या मावशी चौकटीत असतात आणि डावीकडून हातगाडी येतेय तेही कळतं. लेन्समधूनच बघायच्या एसएलआर कॅमेऱ्यात ती गाडी फोटोत घुसल्यावरच दिसते.

खरी अडचण फोकसची. फुल फ्रेमवर (फिल्मच्या नेहमीच्या ३६×२४ मिमी चौकटीवर) ३५ मिमी लेन्स एफ/८ या छिद्राला ठेवून फोकस ५ मीटरवर लावला की साधारण २.५ मीटरपासून जवळजवळ अनंतापर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं. ५०ला तिथे सुमारे ३.५ ते ९.५ मीटरच मिळतात, आणि फोकस ३ मीटरवर आणलात तर जेमतेम २.३ ते ४.२. म्हणजे अंदाजपंचे काम होत नाही, खिडकीच्या मधल्या छोट्या चौकोनात (पॅच) दिसणाऱ्या दोन प्रतिमा एकमेकींवर जुळवायलाच लागतात. लोंबणाऱ्या हाराची कड, दुकानाच्या शटरची चौकट, अशी एखादी उभी रेघ पकडा, पटकन जुळतं.

आणि बऱ्याच जुन्या ५० मिमी १ मीटरच्या आत फोकस होत नाहीत, तेव्हा गजऱ्याचा क्लोजअप सोडून द्या. ठाण्यातल्याच तलावपाळीला, तळ्याच्या कठड्यावर बसलेली माणसं टिपायची असतील तर मात्र ३५ नकोच. तिथे चार पावलं मागे सरता येतं, बिनधास्त ५० लावा.