छऱ्याच्या बंदुकीला रेड डॉट: कोणता घेऊ आणि घसरणार नाही असा बसवू कसा?

वेळणेश्वरचा_माड

नमस्कार मंडळी. आम्ही गुहागरकडचे. घरामागे माडांच्या मध्ये बरोबर दहा मीटरची मोकळी पट्टी आहे, तिथे मी आणि माझी लेक संध्याकाळचा चहा झाला की कागदावर नेम मारतो. बंदूक पॉइंट १७७ ची (साडेचार मिलिमीटरच्या छऱ्याची), नळी मोडून भरायची, स्प्रिंगवाली.

अडचण डोळ्यांची आहे. मी ५३ चा, चाळिशी लागून दहा वर्षं झाली. जवळचा चष्मा लावला की मागची खाच स्वच्छ दिसते पण कागद धुरकट, चष्मा काढला की कागद दिसतो आणि खाच, पुढची साइट दोन्ही विरघळून जातात. डोळा एका वेळी तीन ठिकाणी बघू शकत नाही हे आता मान्य केलंय. म्हणून रेड डॉट, म्हणजे काचेत लाल ठिपका दाखवणारी साइट, घ्यायचा ठरवलं.

गेल्या वर्षी ऑनलाइन एक स्वस्तातला मागवला होता, पहिले दहा-पंधरा छर्रे मस्त एका जागी गेले आणि मग हळूहळू सगळं वर सरकायला लागलं, मी ॲडजस्ट करत बसलो, परत सरकलं, शेवटी काढून बघितला तर बंदुकीच्या वरच्या रेलवर चार-पाच मिलिमीटर लांब चकचकीत ओरखडा. त्यात श्रावणात त्याचे स्क्रू गंजून लाल झाले. आता परत पैसे घालायच्या आधी विचारतोय, नळीवाला घ्यावा की उघड्या काचेचा? डॉट केवढा असावा? आणि मुख्य म्हणजे बसवायचा कसा?

मालवणी_नेमबाज

माडदादा, तुमचो डॉट बिघडूक नाय, माउंट (डॉटची पकड) सरकलो आसा. सगळ्यांना कळावं म्हणून पुढचं साध्या मराठीत लिहितो.

लोकांना वाटतं छऱ्याची बंदूक म्हणजे धक्का कसला, पण स्प्रिंगवाल्या बंदुकीचा धक्का दोन्हीकडे असतो. घोडा ओढला की आतला पिस्टन पुढे सुटतो तेव्हा बंदूक मागे येते, आणि पिस्टन टोकाला जाऊन आदळला की तीच बंदूक झटक्यात पुढे जाते. हा दुसरा झटका वाईट. बंदूक पुढे पळते आणि वर बसवलेली वस्तू जागेवर राहायला बघते, म्हणजे रेलच्या हिशोबाने ती मागे घसरते. तुमचा ओरखडा मागच्या बाजूला गेलेला असणार, बघा. चांगल्या चांगल्या दुर्बिणी या उलट्या झटक्याने खिळखिळ्या झालेल्या मी बघितल्यात, म्हणून घेताना विक्रेत्याला एकच प्रश्न विचारा की हा स्प्रिंगवाल्या एअर रायफलवर चालतो का, आणि तो नुसतं "हो हो सगळ्यावर चालतो" म्हणाला तर दुसरीकडे जा.

आता रेल. आपल्याकडच्या बहुतेक एअर रायफलींवर ११ मिलिमीटरची डोव्हटेल खाच असते आणि बाजारातले बरेचसे रेड डॉट येतात २१ मिलिमीटरच्या पिकाटिनी रेलसाठी. मग लोक मध्ये ॲडॉप्टर घालतात. ॲडॉप्टर म्हणजे घसरायला अजून एक जागा, शिवाय डॉट उंच जातो आणि गाल स्टॉकवर टेकत नाही. जमलं तर थेट ११ चा माउंट असलेलाच घ्या.

बसवताना मी असं करतो. आधी नळी उघडून आत छर्रा नाही हे डोळ्याने बघायचं, मगच हात लावायचा. रेल आणि माउंटचे जबडे आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसायचे, कारण कारखान्यातून येतानाच त्यावर तेल असतं आणि आपण गंज नको म्हणून वरून अजून चोळलेलं असतं, त्या तेलावर कितीही आवळा, सरकणारच. रेलच्या मागच्या टोकाला एक छोटं भोक असतं, माउंटच्या खालची पिन त्या भोकात बसवायची. तुमच्या माउंटला पिन नसेल तर वेगळा स्टॉपर मिळतो, तो माउंटच्या मागे चिकटून लावायचा. मग स्क्रू एकदम न आवळता थोडा हा, थोडा तो असं आळीपाळीने. ॲलन कीचा लांब दांडा हातात घेऊन जोर लावू नका, ॲल्युमिनियमचे आटे क्षणात जातात, आखूड बाजू धरून दोन बोटांनी जेवढं आवळेल तेवढं पुरे. आट्यावर निळं लॉकटाइट (स्क्रू सैल होऊ नये म्हणून लावायचा गोंद) एक थेंब, लाल अजिबात नको, ते गरम केल्याशिवाय सुटत नाही.

आणि शेवटी घरातली नेलपेंट घ्यायची, माउंट आणि रेल दोन्हीवरून एक बारीक रेघ मारायची. दर वेळी सुरू करायच्या आधी ती रेघ बघा. सलग आहे म्हणजे सरकलेला नाही, तुटली असेल तर नेम शोधत बसू नका, माउंट बघा.

रत्नांग्रीचा_चष्मेवाला

वरच्या भाऊंनी बंदुकीचं सांगितलं, मी डोळ्यांचं सांगतो, माझं यातच पोट आहे. दादा, तुमच्या चष्म्याच्या कागदावर सिलेंडर नंबर (ॲस्टिग्मॅटिझमचा) आहे का ते आधी बघा. रेड डॉटमध्ये एक छोटा एलईडी असतो, त्याचा उजेड पुढच्या काचेवरच्या थरावरून परत डोळ्याकडे येतो, आणि तो असा येतो की ठिपका लांबवर टांगलेला दिसावा. म्हणून तर चाळिशीवाल्याला तो वरदान आहे, डोळा लांबच्या कागदावर ठेवायचा, ठिपका तिथेच दिसतो, जवळचं काही बघावंच लागत नाही. त्यामुळे जवळचा चष्मा नको, लांबचा नंबर असेल तर तेवढाच लावा.

पण सिलेंडर असेल तर तो गोल ठिपका गोल दिसत नाही. कुणाला स्वल्पविराम दिसतो, कुणाला द्राक्षाचा घड, कुणाला शेपूट फुटलेला तारा. लोक वस्तू खराब म्हणून परत पाठवतात आणि खराबी असते डोळ्यात. तपासायचं सोपं आहे, मोबाइलच्या कॅमेऱ्याने काचेतून फोटो काढा, फोटोत ठिपका गोल आला तर साइट चांगली आहे. मग सिलेंडरसकट नंबरचा चष्मा लावून बघा, बहुतेकांचं काम होतं. आणि ब्राइटनेस कमी करा, गरजेपेक्षा झगझगीत डॉट चांगल्या डोळ्यालाही पसरलेला दिसतो. समुद्राकडच्या बाजूला दुपारी लखलखाट असतो तेव्हा वरचा आकडा लागेल, संध्याकाळी माडाच्या सावलीत अगदी खालचा.

वेळणेश्वरचा_माड

दोघांचे मनापासून आभार. सिलेंडर आहे, उजव्याला पाऊण! आणि ओरखडा खरंच मागच्या दिशेला आहे. डॉटच्या आकाराचं कुणी सांगेल का? दुकानदार म्हणतो मोठा घ्या, पटकन दिसतो.

पेणची_आत्या

पटकन दिसायचं काम धावत्या लक्ष्याचं, तुम्ही कागदावर मारताय. हिशोब करून बघा. डॉटचा आकार एमओए या कोनाच्या मापात सांगतात. एक एमओए म्हणजे १०० मीटरवर साधारण २९ मिलिमीटर, म्हणजे दहा मीटरवर २.९. दहा मीटर एअर रायफलच्या कागदावर काळा गोल ३०.५ मिलिमीटरचा, नऊचं वर्तुळ ५.५ चं आणि मधला दहा म्हणजे अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका. ५ एमओएचा डॉट तिथे साडेचौदा मिलिमीटर झाकणार, जवळजवळ निम्मा काळा गोल. २ एमओएचा साधारण नऊच्या वर्तुळाएवढा बसतो. २ किंवा ३ घ्या, त्याहून मोठा नको.

दुसरं, जाहिरातीत लिहितात पॅरलॅक्स नाही, डोळा कुठेही ठेवा. दहा मीटरवर हे खरं धरू नका. बरेच डॉट ४५-५० मीटरच्या आसपास जुळवलेले असतात, त्याच्या अलीकडे डोळा मधोमध नसेल तर ठिपका कागदावर सरकतो. काच वीसेक मिलिमीटरची असेल आणि ठिपका अगदी कडेला गेला असेल तर आठेक मिलिमीटरचा फरक पडतो, म्हणजे नऊचा सात सहज होतो. म्हणून गाल रोज स्टॉकवर त्याच जागी आणि ठिपका काचेच्या मध्यावर. या कामाला मला नळीवाला बरा वाटतो, नळीची गोल कड दिसते म्हणून मध्य पटकन कळतो, आणि आपल्याकडच्या पावसात उघड्या काचेच्या एलईडीवर एक थेंब बसला तरी ठिपका फुटतो.

झिरो करताना, म्हणजे ठिपका आणि छर्रा एका जागी जुळवताना, क्लिक मोजा. १ एमओएची क्लिक दहा मीटरवर फक्त तीन मिलिमीटर हलवते, छर्रे तीन सेंटिमीटर खाली पडत असतील तर दहा क्लिक वर. एका छऱ्यावरून काही ठरवायचं नाही, पाच मारा, त्यांचा मध्य धरा, मग फिरवा. स्प्रिंगवाली घट्ट आवळून धरली की वेगळीकडे मारते आणि सैल धरली की वेगळीकडे, त्यामुळे रोज जशी धरता तशीच धरून झिरो करा, पुढचा दांडा कठड्यावर टेकवून नाही. दहाला झिरो केल्यावर पाच मीटरवरून छर्रा दीड-दोन सेंटिमीटर खाली लागेल, डॉट नळीच्या वर असतो म्हणून, घाबरून परत फिरवू नका.

आणि एक विचारू का, लेकीला पुढे स्पर्धेत उतरायचंय का? कारण दहा मीटर एअर रायफलच्या स्पर्धेत रेड डॉट चालत नाही. तिथे मागे बारीक भोकाची पीप साइट आणि पुढे रिंग. २०२४ ला पॅरिसमध्ये आपल्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर थ्री पोझिशनचं कांस्य घेतलं तेही पीप साइटवरच. तिला पहिल्यापासून त्याची सवय लावा, डॉट तुमच्यासाठी ठेवा. पोरींना चांगलं सामान उशिरा मिळतं, मी हे जवळून बघितलंय, म्हणून आग्रहाने सांगते.

कुडाळ_रायफल

पावसाळ्याचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. आपल्याकडे जून ते सप्टेंबर काचेला बुरशी धरते, कॅमेऱ्याच्या लेन्सवर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे येतात तेच हे. बंदूक रेक्झिनच्या फोमवाल्या कव्हरमध्ये ठेवू नका, फोम पाणी धरून ठेवतो, तुमचे स्क्रू तिथेच गंजले असतील. डॉट काढून झाकणाच्या हवाबंद डब्यात सिलिका जेलसकट ठेवला तर उत्तम, पण मग दर वेळी झिरो तपासावा लागतो. मी बंदुकीसकट लाकडी कपाटात ठेवतो आणि आत सिलिकाच्या पुड्या टांगतो. बॅटरी बहुतेकांना सीआर २०३२ लागते, चार महिने वापरणार नसाल तर काढून ठेवा. काचेवर खाऱ्या हवेचा थर आला की पंचाने पुसू नका, मिठाचे कण ओरखडे पाडतात, आधी फुंकणीने उडवा, मग चष्म्याचं मऊ कापड. घामाच्या हाताने लोखंडाला धरल्यावर त्याच दिवशी तेलाचा हात, फक्त माउंटखाली नको.

अजून दोन गोष्टी. मागे चिऱ्याची भिंत असेल तर तिच्यावर मारू नका, शिशाचा छर्रा कठीण दगडावरून उलटा येतो. रेतीने गच्च भरलेली गोणी ठेवा आणि दोघांनी डोळ्याला गॉगल लावा. आणि डॉट लागला की नेम छान बसतो, मग कुणीतरी शेजारी म्हणतो आंब्यावरचा वानर हाकला. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात वानराला संरक्षण आहे, आणि लायसन्सशिवाय चालते ती बंदूक पॉइंट १७७ आणि २० जूलच्या आतली, हे २०१६ च्या शस्त्र नियमात आहे. त्या सवलतीला आपल्यामुळे डाग लागू नये असं मला फार वाटतं.

वेळणेश्वरचा_माड

तीन आठवड्यांनी लिहितोय. नळीवाला घेतला, २ एमओए, थेट ११ च्या माउंटवर, खाली पिन आहे. रेल पुसली तेव्हा पांढरा कपडा काळा झाला, एवढं तेल होतं. पिन आधी भोकात जात नव्हती, आत जुना ग्रीस घट्ट बसला होता, टाचणीने कोरून काढला. नेलपेंट लेकीची, गुलाबी.

पहिले पाच छर्रे अडीच सेंटिमीटर खाली आणि जरा डावीकडे. आठ क्लिक वर, तीन उजवीकडे, पुढचे पाच काळ्यात. आत्तापर्यंत दोनशेवर छर्रे झाले, रेघ केसाएवढीही हललेली नाही. नवीन चष्म्यातून ठिपका गोल दिसतो, जुन्यातून खालच्या बाजूला शेपूट होतं. काल पाच छऱ्यांचं एकच भोक झालं, आठ आण्याच्या नाण्याखाली झाकलं जाईल एवढं, किती वर्षांनी झालं असं.

आत्या, लेकीला विचारलं. तिला उतरायचंय. पीप साइटचं तुम्हाला वेगळा मेसेज करतो, तिच्या उंचीला स्टॉक लांब पडतो तेही विचारायचंय.

पेणची_आत्या

करा करा. स्टॉकच्या मागच्या टोकापासून घोड्यापर्यंतचं अंतर आणि तिच्या कोपरापासून तर्जनीच्या पहिल्या पेरापर्यंतचं माप घेऊन ठेवा.