तिन्हीसांज : वेळ की जागा?

प्रश्न : फोंड्याच्या आमच्या शाळेत ‘दुसऱ्या ताऱ्याच्या ग्रहावरील एक दिवस’ या विषयावरील निबंधात एका विद्यार्थिनीने ‘तिथली माणसे तिन्हीसांजेत राहतात’ असे लिहिले. तिन्हीसांज ही वेळ आहे, तीत राहता कसे येईल, असे वाटून मी ते वाक्य खोडले. परंतु मन साशंक आहे. जाणकारांनी मत द्यावे.

उत्तर : सर, ते वाक्य राखावे, अशी माझी विनंती आहे. २०१६ साली प्रॉक्सिमा सेंटॉरी या तांबड्या बटू ताऱ्याभोवती जो ग्रह सापडला, तो आपल्यापासून सुमारे ४.२ प्रकाशवर्षे दूर असून ११.२ दिवसांत प्रदक्षिणा पूर्ण करतो. ताऱ्याच्या इतक्या जवळून फिरणाऱ्या ग्रहाची एकच बाजू बहुधा कायम ताऱ्याकडे असते, कारण आपल्या मांडवी नदीत भरती-सुकती घडवते त्याच प्रकारची ओढ ग्रहाचे स्वतःभोवतीचे फिरणे मंदावत नेते. चंद्राची एकच बाजू आपल्याला दिसते, तीही याच कारणाने. अशा ग्रहावर एकीकडे न मावळणारा उजेड, दुसरीकडे न संपणारी रात्र, आणि दोहोंच्या मध्ये तारा क्षितिजाला टेकलेलाच राहील असा कंकणाकृती पट्टा असणार. पुरेसे वातावरण असले, तर उष्ण बाजूची ऊब वाऱ्यांबरोबर त्या पट्ट्यात येऊ शकेल. विद्यार्थिनीने आपली माणसे तिथे वसवली, हे विचारपूर्वकच आहे.

भाषेच्या अंगानेही अडचण नाही. ‘सांज’ हा शब्द ‘संध्या’पासून आला आणि संध्या म्हणजे मुळात सांधा, जोड. आपल्याकडे उजेड आणि अंधार यांचा सांधा सरकत राहतो, म्हणून आपण त्याला वेळ मानतो. तो जिथे स्थिर आहे, तिथे तीच जागा ठरते. बदलेल ते क्रियापद. इथे सांज होते, सरते. तिथे ती प्रवासात गाव लागावे तशी लागेल. खरे तर शीर्षकातला ‘एक दिवस’ हाच शब्द तिथे अधिक अडखळतो, कारण त्या ग्रहावर उगवणे-मावळणेच नाही.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. वाक्य पुन्हा लिहून घेतो. परंतु शास्त्रीय लेखनात त्या पट्ट्याला काय म्हणावे? ‘संतमस’ चालेल का?

उत्तर : ‘संतमस’ नको. २०१९ साली भारताच्या वतीने विभा या ताऱ्याच्या ग्रहाला ते नाव दिले गेले आहे, आणि अमरकोशात त्याचा अर्थ सर्वत्र पसरलेला अंधार असा आहे. त्याच ठिकाणी दाट अंधाराला ‘अंधतमस’ आणि क्षीण अंधाराला ‘अवतमस’ म्हटले आहे. अर्थाने ‘अवतमस’ नेमका बसतो, पण मुलांना तो समजावून सांगावा लागेल. मी ‘सांजपट्टा’ लिहीन : ‘उजेडाकडून तीन दिवस चालल्यावर सांजपट्टा लागला.’ मात्र या वाक्यातले ‘तीन दिवस’ पृथ्वीचे आहेत, हे निबंधात एकदा सांगून ठेवावे.